अख्ख्या गराचा हिशेब

मार्च उजाडला की वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ या पट्ट्यात काजू बीची पोती हलू लागतात. कुणी दुचाकीच्या मागे अर्धे पोते बांधून आणतो, कुणी टेम्पो भरून. खरेदीला बसलेला जाणता कारखानदार आधी भाव बोलत नाही. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळाची बी बाहेर काढतो. वर वाळलेली आणि खाली ओली, हा प्रकार दर हंगामात होतो. मग वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून किलोभर बी बाजूला काढून मोजली जाते. किलोत 150 बिया बसल्या की 200, हे आधी लिहून घ्यायचे. त्यानंतर एकेक बी मधोमध कापायची. पांढरा, भरीव गर एकीकडे. डागी आणि सुरकुतलेला दुसरीकडे. किडका, बुरशी धरलेला तिसरीकडे. आणि आत काहीच नसलेली पोकळ बी सर्वांत शेवटी. चांगला गर काट्यावर ठेवला की जो आकडा येतो तो ‘उतारा’. शंभर किलो बीमागे गर किती निघणार, याचा तो अंदाज.

ही चाचणी करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तरीही अनेक छोटे कारखाने ती करत नाहीत. भाव ऐकतात, बी दिसायला बरी वाटली की घेतात. वर्षअखेरीस घाटा आला की दोष बाजाराला, मजुरीला, व्हिएतनामला दिला जातो. त्या तिघांचाही वाटा असतो, हे खरे. पण घाट्याची सुरुवात पुष्कळदा मार्चमधल्या त्या न केलेल्या अर्ध्या तासात असते.

देशात असंघटित क्षेत्रातले अन्नप्रक्रिया उद्योग सुमारे 25 लाख आहेत, असे केंद्र सरकारची कागदपत्रे सांगतात. त्यातले दोन तृतीयांश ग्रामीण भागात आहेत आणि सुमारे 80 टक्के घरच्या माणसांच्या बळावर चालतात. अन्नप्रक्रियेतला सुमारे 74 टक्के रोजगार याच उद्योगांतून येतो. पापड, लोणची, मसाले, गूळ, बेदाणे, कोकम, आंबापोळी, काजू अशी ही दुनिया. यातले काही पिढ्यानपिढ्या टिकतात, बरेचसे चार-पाच वर्षांत शटर ओढतात. टिकणाऱ्याकडे असे काय असते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला काजूइतका बोलका धंदा नाही. यात कच्चा माल वर्षातून एकदाच येतो, स्पर्धा थेट जगाशी आहे, आणि सगळी कमाई दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर उभी आहे.

स्वस्त बी महाग पडते

एक सोपा हिशेब मांडू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण बाजाराच्या जवळचे आहेत. बी 160 रुपये किलो. अख्खा गर घाऊक 800 रुपये, तुकडा सरासरी 600 रुपये. उतारा 28 टक्के, आणि निघालेल्या गरात अख्ख्याचे प्रमाण 80 टक्के. म्हणजे 100 किलो बीतून 28 किलो गर, त्यात 22.4 किलो अख्खा आणि 5.6 किलो तुकडा. विक्री 21,280 रुपये. त्यातून बीचे 16,000 वजा केले की 5,280 उरतात. मजुरी, वीज, जळण, पॅकिंग, व्याज, वाहतूक आणि मालकाचा नफा, सगळे याच 5,280 मध्ये बसवायचे.

आता समजा, कुणीतरी 150 रुपये किलोने बी देऊ केली. क्विंटलमागे 1,000 रुपये वाचले म्हणून कारखानदार खूश. पण उतारा निघाला 26 टक्के. गर 26 किलोच, आणि विक्री 19,760 रुपये. म्हणजे 1,520 रुपये कमी. वाचलेले हजार गेलेच, वर 520 पदरचे गेले.

दुसरी शक्यता अशी की बी चांगली घेतली, उतारा 28 टक्केच आला, पण फोडताना आणि सोलताना हलगर्जी झाली आणि अख्ख्याचे प्रमाण 80 वरून 65 टक्क्यांवर आले. गर तेवढाच, पण विक्री 840 रुपयांनी खाली. वर्षाला 50 टन बी फोडणाऱ्या छोट्या कारखान्यात हेच नुकसान 4 लाख 20 हजारांचे होते. एखाद्या कुटुंबाचे वर्ष त्यात निघते.

म्हणून या धंद्यातला खरा कारखानदार भावाइतकाच उताऱ्याचा विचार करतो. आफ्रिकेतून येणाऱ्या बीचा आंतरराष्ट्रीय व्यवहार तर उघडपणे उताऱ्यावरच होतो. 80 किलोच्या पोत्यात गर किती पौंड, यावर भाव ठरतो. 48 पौंडांचा माल म्हणजे साधारण 27 टक्के उतारा. तिथला व्यापारी अशा मोजमापाशिवाय सौदा करत नाही. आपल्याकडे मात्र शेतकऱ्याच्या बीला बहुतेक ठिकाणी सरसकट एकच भाव मिळतो. चांगली, वाळवलेली, निवडलेली बी आणणाऱ्याला त्याचे काही वेगळे मिळत नाही. मग पुढच्या वर्षी तो तरी कशाला निवडत बसेल? कारखानदाराने उताऱ्याप्रमाणे भाव दिला तर शेतकरी तशी बी पिकवू आणि वाळवू लागतो. आणि हे करणे शेजारच्या गावातल्या कारखानदारालाच शक्य आहे. आफ्रिकेतल्या अबिजानमध्ये खरेदी करणाऱ्या मोठ्या कंपनीला झाडाचा मालक माहीत नसतो. सावंतवाडीच्या कारखानदाराला तो नावानिशी माहीत असतो.

झाडापासून सुरू होणारी स्पर्धा

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आणला, पण कोकणातला आजचा काजू घडला तो वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात. हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. इथून निघालेल्या वेंगुर्ला-4 या जातीची बी साधारण साडेसात ग्रॅमची, तर वेंगुर्ला-7 ची 10 ग्रॅमच्या आसपास. दोन्हींचा उतारा 30 टक्क्यांच्या घरात. 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे या कलमांनी कोकणातल्या वरकस जमिनी भरल्या.

याचा कारखान्याशी काय संबंध? फार मोठा. गावठी, लहान बी किलोत 200 भरते, वेंगुर्ला-7 भरते 100. फोडणारी बाई बी एकेक करून फोडते. म्हणजे तेवढ्याच वजनासाठी लहान बीला दुप्पट वेळा पाते चालवावे लागते, दुप्पट वेळा गर उचलावा लागतो, दुप्पट वेळा साल काढावी लागते. शिवाय मोठ्या बीचा गर 180 नंबरात जातो. 180 म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त 180 गर, आणि हा नंबर बाजारात सर्वांत वरच्या भावाने विकला जातो. 320 नंबर रोजचा, मिठाईवाल्यापासून किराण्यापर्यंत सगळीकडे चालणारा.

मजुरी वाढली म्हणून रडण्याऐवजी मोठ्या बीच्या बागा आपल्या परिसरात वाढाव्यात म्हणून झटणारा कारखानदार मजुरीचा प्रश्न अर्धा तिथेच सोडवतो. शेतकऱ्याला कलमे मिळवून देणे, एकाच जातीची बी वेगळ्या पोत्यात आणायला सांगणे, झाडावरून तोडलेली कोवळी बी न घेता खाली पडलेली, पक्व बी घेणे आणि दोन-तीन दिवस उन्हात नीट वाळवलेल्या मालाला जास्त भाव देणे ही कामे कारखान्याच्या कुंपणाबाहेरची आहेत, पण कमाई ठरवणारी हीच आहेत.

पात्याच्या टोकावर

कारखान्यात आत गेले की आधी वाफेचा आणि टरफलाच्या तेलाचा उग्र वास नाकात शिरतो. बी आकाराप्रमाणे चाळून वेगळी केलेली असते. ती बॉयलरच्या वाफेवर शिजते आणि रात्रभर पसरून निवते. सकाळी फोडणीच्या टेबलांवर कामाला सुरुवात होते. यंत्र साधे आहे. समोरासमोर दोन पाती, एक हातातल्या दांड्यावर चालणारे, दुसरे पायाखालच्या पेडलवर. बी पात्यांमध्ये ठेवताना तिची कडा बरोबर पात्यावर यावी लागते. पेडल दाबले की पाती टरफलात शिरतात, दांडा फिरवला की टरफल दोन बाजूंना उघडते आणि आत गर मोकळा दिसतो. पाते किंचित जास्त शिरले तर गर चिरला. किंचित कमी शिरले तर टरफल नीट उघडत नाही आणि गर ओढून काढताना मोडतो. समोर बसलेली दुसरी बाई टोकदार सळईने गर अलगद उचलते. दोघींच्या हातांना तेल किंवा राख चोळलेली असते, कारण टरफलातला चिकट रस कातडी जाळतो.

या टेबलावरच्या काकू आणि वयनी बी हातात घेतली की ती नीट शिजली आहे की नाही ते ओळखतात. जास्त शिजली तर गर पिवळसर होतो, कमी शिजली तर टरफल दगडासारखे राहते. वाफेचा माणूस आणि फोडणीची बाई यांच्यात बोलणे होत असेल तर ही चूक पहिल्या घाण्यातच सुधारते. होत नसेल तर दिवसभराचा माल बिघडतो आणि संध्याकाळी तुकड्याचे टोपले भरलेले दिसते.

नंतर गर सालीसकट ड्रायरमध्ये जातो. याला इथे बोरमा म्हणतात. 65-70 अंशांवर काही तास. साल सैल व्हावी इतका वाळायला हवा, पण ठिसूळ होऊ नये. वाळवून काढलेला गर थोडा मुरू देतात, हवेतला जरासा दमटपणा त्याला लागू देतात, म्हणजे सोलताना तो तुटत नाही. शेवटी हाताने सोलणी, मग नंबराप्रमाणे निवड. अख्खा, पाकळी, तुकडा, कणी. डब्यात जाताना गरातली ओल 5 टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर पावसाळ्यात माल खवट होतो. काजूत जवळजवळ निम्मे तेल असते, ते हवा आणि ओल यांना पटकन बळी पडते. म्हणून डबा बंद करताना आतली हवा काढून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात.

या सगळ्या साखळीत महागडे यंत्र कुठेही निर्णायक नाही. निर्णायक आहे नोंद. आज कोणत्या बागेची बी किती वेळ शिजली, कोणत्या टेबलावर अख्ख्याचे प्रमाण किती आले, ड्रायरमधून निघताना ओल किती होती. ज्या कारखान्यात ही वही रोज भरली जाते तिथे चूक कुठे झाली ते त्याच दिवशी कळते. जिथे वही नाही तिथे वर्षाच्या शेवटी फक्त तोटा कळतो.

आणि मजुरी कशावर द्यायची, हाही स्पर्धेचाच प्रश्न आहे. किती किलो फोडली यावरच पैसे दिले तर हात पळतात आणि गर मोडतो. अख्ख्या गराच्या प्रमाणावर थोडे जास्त दिले तर हात सावध होतात. पाच-दहा वर्षे टेबलावर बसलेली बाई जे अख्खे प्रमाण देते ते नवख्या हाताला महिनोन् महिने जमत नाही. तिला बसायला नीट खुर्ची, हातमोजे, हवा खेळती राहील असे छप्पर, वेळेवर पगार आणि भविष्य निर्वाह निधी देणे हा उपकार नव्हे. तिच्या हातातले कसब हीच कारखान्याची सर्वांत मोठी मालमत्ता आहे, फक्त ती ताळेबंदात दिसत नाही. ती बाई सोडून गेली की मालमत्ता गेली.

दोन धडे, एक पूर्वेचा आणि एक दक्षिणेचा

काजूगराच्या निर्यातीत भारत अनेक दशके जगात पहिला होता. 2006 च्या सुमारास व्हिएतनामने ती जागा घेतली. 2024 मध्ये त्या देशाची काजू निर्यात 4 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. व्हिएतनामकडे स्वतःची बी पुरेशी नाही, तो ती आफ्रिकेतून आणि शेजारच्या कंबोडियातून आणतो. त्याने केले काय, तर फोडणी, सोलणी आणि निवड यांची यंत्रे देशातच बनवली, सतत सुधारली आणि कारखान्याकारखान्यांत पोहोचवली. यंत्राने सुरुवातीला मोड जास्त होत असे. ती त्यांनी वर्षानुवर्षे खपून कमी केली.

दुसरा धडा केरळातल्या कोल्लमचा. एकेकाळी जगाची काजू राजधानी म्हणून मिरवलेले हे शहर. लाखो स्त्रियांच्या हातांवर तिथला धंदा उभा होता. गेल्या दशकात तिथले शेकडो कारखाने बंद पडले. आयात बीचे भाव चढले, मजुरी वाढली, बँकांची कर्जे थकली. कोल्लमची अडचण मजुरी वाढणे ही नव्हती, मजुरी वाढायलाच हवी होती. अडचण ही की बहुतेक कारखाने दुसऱ्या खंडातून येणाऱ्या बीवर आणि कर्जाच्या पैशावर चालत होते. बीचा भाव त्यांच्या हातात नव्हता आणि गराचाही नव्हता. मधल्या चिंचोळ्या जागेत ते चिरडले गेले.

सरकारने स्थानिक उद्योगाला थोडे कवच दिले. 2019 मध्ये आयात होणाऱ्या अख्ख्या गरासाठी किलोला 720 रुपये आणि तुकड्यासाठी 680 रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली गेली. असे कवच उपयोगी असते, पण त्याच्या भरवशावर धंदा उभा राहत नाही. किंमत कागदावर असते आणि माल वेगवेगळ्या नावांनी सीमेवरून येत राहतो, ही या धंद्यातल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

या दोन धड्यांतून कोकणातल्या छोट्या कारखानदाराने एवढेच घ्यायचे: व्हिएतनामशी त्याच्या यंत्राच्या वेगात बरोबरी करता येणार नाही, आणि कोल्लमसारखे परक्या बीवर विसंबून जगता येणार नाही. आपल्या परसातली बी, आपले जाणते हात आणि आपला जवळचा ग्राहक, एवढेच हुकमी पत्ते आहेत. ते मात्र कुठल्याही मोठ्या कंपनीकडे नाहीत.

चार महिने खरेदी, बारा महिने काम

मग अडते कुठे? पैशात. काजू बीचा हंगाम फेब्रुवारीअखेर ते मे. जी काय बी घ्यायची ती या तीन-चार महिन्यांत. कारखाना मात्र बारा महिने चालवायचा. वर्षाला 50 टन बी म्हणजे दिवसाला दीड-पावणेदोन क्विंटल, खरे तर लहानसाच कारखाना. तरीही 160 रुपयांच्या भावाने 80 लाख रुपयांची बी हंगामात विकत घ्यावी लागते. शेतकरी उधार देत नाही आणि त्याने द्यावीही का? बँकेच्या कॅश क्रेडिटवर 11 टक्के व्याज धरले आणि माल सरासरी सहा महिने गोदामात राहतो असे मानले, तर क्विंटलमागे 880 रुपये व्याजात जातात. वर पाहिलेल्या 5,280 मधला सहावा हिस्सा.

ज्याच्याकडे हा पैसा नाही तो ऑगस्टपर्यंत पुरेल एवढीच बी घेतो. पुढे तो व्यापाऱ्याकडून आफ्रिकन बी उधारीवर घेतो, किंवा दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून देतो, किंवा शटर ओढतो. शटर ओढले की फोडणीच्या बायका दुसरीकडे जातात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नवे हात, पुन्हा मोड, पुन्हा तोटा. भांडवलाची चणचण अशी फिरून उताऱ्यावर येऊन आदळते.

आपल्या योजनांचे लक्ष मात्र यंत्रांकडे आहे. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते. योजनेसाठी 10,000 कोटींची तरतूद झाली. बचत गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलही मिळते. योजना चांगली आहे, तिच्यामुळे कोकणात अनेकांनी ड्रायर आणि बॉयलर घेतले. पण ड्रायर एकदाच घ्यायचा असतो, बी दर वर्षी घ्यायची असते. 80 लाखांच्या हंगामी गरजेपुढे 10 लाखांचे एकवेळचे अनुदान अपुरेच पडणार. नवे यंत्र आणि रिकामे गोदाम, असे चित्र त्यामुळेच तयार होते.

याला तोड नाही असे नाही. सांगली जिल्ह्यात तासगावला जाऊन पाहावे. बेदाणाही चार महिन्यांत तयार होतो आणि वर्षभर विकला जातो. पण तिथे शीतगृहांचे जाळे उभे राहिले. शेतकरी माल शीतगृहात ठेवतो, त्यावर कर्ज उचलतो, भाव पटेल तेव्हा सौद्यात काढतो. सौदे सगळ्यांसमोर होतात, प्रतीप्रमाणे भाव लागतो. खरेदीदाराला वर्षभर माल मिळतो, त्याला एकदम सगळा पैसा घालावा लागत नाही. बेदाण्याची ही व्यवस्था कोणा एका उद्योजकाची नाही, ती गावाने, बाजार समितीने, सहकारी बँकांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून उभी केली.

काजूलाही हे शक्य आहे. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. तीत काजू बी गोदामात ठेवून शेतकऱ्याला 6 टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. वाळवलेली, प्रतवारी केलेली, उताऱ्याचा दाखला असलेली बी तालुक्याच्या गोदामात राहिली आणि कारखानदाराने ती महिन्यामहिन्याला उचलली, तर शेतकऱ्यालाही मे महिन्यात पडत्या भावाने विकावी लागणार नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने काजू उत्पादकांना किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले. शेतकऱ्याला दिलासा म्हणून ते योग्यच होते. पण दर वर्षी दहा रुपये वाटण्यापेक्षा गोदाम, ओल मोजण्याचे साधन आणि उताऱ्याची सरकारमान्य चाचणी दिली, तर शेतकरी आणि कारखानदार या दोघांचेही पाय पक्के रोवले जातील. राज्याचे काजू मंडळ स्थापन झाले आहे, त्याने पहिल्यांदा हात घालावा तो या कामाला.

पैशाची दुसरी गळती विक्रीच्या बाजूला आहे. माल दिला, पण पैसे तीन महिन्यांनी. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकवायला हवे. एप्रिल 2024 पासून प्राप्तिकर कायद्यानेही त्याला दात दिले: वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, बिलावर तो क्रमांक हवा. अनेक छोट्या कारखान्यांकडे ती नोंदणी नाही, किंवा असूनही बिलावर नाही. हक्क आहे, पण मागितलाच जात नाही.

फेकलेल्यातला पैसा

बीच्या वजनात गर जेमतेम 28 टक्के. उरलेले बहुतेक टरफल. ते बॉयलरमध्ये जळण म्हणून चालते आणि लाकडाचा खर्च वाचतो. त्यातून निघणारे तेल रंग, रेझिन, वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी लागते. पण तेल काढण्याचा घाणा एकट्या छोट्या कारखान्याला परवडत नाही. दहा कारखान्यांचे टरफल एकत्र आले तर परवडतो.

बोंडूचे, म्हणजे काजूच्या फळाचे, दुःख मोठे आहे. बीच्या वजनाच्या कितीतरी पट बोंडू झाडाखाली कुजतात. गोव्यात त्याच बोंडूपासून फेणी होते आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे सरबत, सिरप, जॅम असे प्रयोग होतात, पण बोंडू तोडल्यावर दिवसभरात नासायला लागतो, म्हणून संकलन आणि थंड साठवण बागेच्या जवळ लागते.

आणि एक माल असा आहे जो व्हिएतनाम कधीच आणू शकत नाही: ओला काजूगर. जानेवारी ते मार्च कोकणातल्या बाजारात तो शेकड्यावर विकला जातो आणि सुक्या गरापेक्षा भाव जास्त मिळतो. उसळीच्या ओढीने मुंबई-पुण्याचा चाकरमानी तो मागेल त्या किमतीला घेतो. हा गर सोलून, गोठवून वर्षभर देता आला तर त्याला स्पर्धकच नाही. मोठ्या उद्योगाला या मालात रस नाही, कारण तो थोडा, हंगामी आणि कष्टाचा आहे. छोट्याने नेमका तिथेच हात घालावा.

चव कालची, आजची आणि पुढच्या वर्षीची

विक्रीचा प्रश्न आला की लोक ब्रँडिंगवर बोलतात. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मोलाचे आहे, पण डब्यावर मानांकन आणि आत मिसळलेला आफ्रिकन गर असे झाले तर दोन वर्षांत नावाची माती होते. ग्राहक परत येतो तो दर वेळी तीच चव, तोच आकार, तोच करकरीतपणा मिळतो म्हणून.

सातत्य कसे राखायचे, याचा वस्तुपाठ मुंबईच्या गिरगावात आहे. 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पुढे तो हजारो घरांत लाटला जाऊ लागला. हजारो हातांच्या पापडाची चव एकच कशी? कारण पीठ एका ठिकाणी, ठरलेल्या प्रमाणात मळले जाते आणि सभासद बायका ते घरी नेऊन लाटतात. लाटणे विकेंद्रित, कच्चा माल आणि प्रमाण मात्र एकाच ठिकाणी पक्के. वाळलेला पापड तपासूनच घेतला जातो. यंत्राशिवाय सातत्य राखता येते, पण मोजमापाशिवाय येत नाही, हे लिज्जतने सहा दशकांहून अधिक काळ दाखवले आहे.

काजूच्या छोट्या कारखान्यांना हेच एकत्रितपणे करता येईल. प्रत्येकाने स्वतःचे प्रयोगशाळा-यंत्र घ्यायची गरज नाही. तालुक्याला एक चाचणी केंद्र, एक सामायिक निवड-पॅकिंग केंद्र, एक टरफल-तेल घाणा. फोडणी आपापल्या गावात, आपापल्या बायकांच्या हाताने. नंबर, ओल आणि पॅकिंग मात्र सर्वांचे सारखे. मग शहरातल्या मिठाईवाल्याने 20 पेट्या 320 नंबर मागितला तर चार कारखाने मिळून एकाच दर्जाचा माल देऊ शकतील. आज ती मागणी एकट्याने पुरी करता येत नाही म्हणून ती मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि त्याच व्यापाऱ्याला हे चौघे कमी भावाने आपला गर विकतात.

काय करायचे

छोट्या उद्योगाला वाचवायला सवलतींची यादी लागते असा समज झाला आहे. सवलत हवी, पण ती नेमक्या जागी हवी. हंगामात बी खरेदीसाठी, गोदामातल्या मालाच्या तारणावर, वेळेत मिळणारे स्वस्त खेळते भांडवल. उताऱ्याची विश्वासार्ह चाचणी आणि त्याप्रमाणे शेतकऱ्याला भाव. फोडणाऱ्या, सोलणाऱ्या बायकांना अख्ख्या गराच्या हिशेबाने मोबदला आणि सुरक्षित काम. आणि जे एकट्याला झेपत नाही त्यासाठी सामायिक सोय. या चार गोष्टी झाल्या तर बाकीचे कारखानदार स्वतः करून घेतो, तेवढी हिंमत कोकणात आहे.

कारखानदाराचा वाटाही कमी नाही. वही ठेवणे, नमुना कापून बी घेणे, उद्यम नोंदणी करणे, कारागीर टिकवणे यासाठी कुठल्याही मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. ती सुरुवात येत्या मार्चमध्ये, पहिल्या पोत्यापासून करता येते.

मोठ्या कंपनीला काजू म्हणजे जगभरातून गोळा केलेला एक माल. तो आयव्हरी कोस्टहून आला काय आणि कंबोडियातून आला काय, तिच्या लेखी फरक नाही. गावातल्या कारखान्याला मात्र झाड, शेतकरी, फोडणारी बाई आणि गणपतीला घरी येणारा ग्राहक हे चौघेही ओळखीचे आहेत. ही ओळख आजवर आपण भावनेची गोष्ट मानली. ती मोजमापात, नोंदीत आणि योग्य भावात उतरवली, तर तीच या उद्योगाची सर्वांत मोठी ताकद ठरेल, आणि कोकणातल्या मुलाला धंद्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.